दोन काळ्या पुड्या आणि इंदूर

रविवार, धुळे ते इंदूर

सातची गाडी पावणेआठला लागली. तोवर माझ्या विद्यार्थ्यानं तीनदा पर्स उघडून बघायला लावली. आत कपडे-पैसे काही महत्त्वाचं नव्हतं, दोन पुड्या होत्या. चिमूटचिमूट काळी भुकटी, झिपच्या पिशवीत, ती पिशवी जुन्या गोळ्यांच्या डबीत. एका पिशवीवर त्यानं मार्करनं लिहिलंय "सावकाश", दुसरीवर "गरम". या दोन शब्दांपायी आम्ही २६० किलोमीटर जाणार होतो.

गोष्ट दोन वर्षांपूर्वीची. आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत कोबाल्ट फेराइट, म्हणजे लोखंड, कोबाल्ट आणि ऑक्सिजनचं चुंबकी संयुग, करायचं चाललं होतं. ते करायला भट्टीपेक्षा धीर जास्त लागतो. लोखंडाचं आणि कोबाल्टचं नायट्रेट, सायट्रिक अ‍ॅसिड, पाणी, आणि खाली हॉटप्लेट. तासाभरानं काकवीसारखं घट्ट होतं, मग फुगतं, आणि एकदम एका कोपऱ्यातून ठिणगी धरते. दहा सेकंदांत सगळं बीकर पेटून निखाऱ्याची रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत जाते आणि मागे काळी, हलकी, जाळीदार राख फुलून येते. ही राख खलून दोन मुशींत भरली, भट्टीत ९०० अंशांना ठेवली. पुढचा नियम असा की भट्टी बंद करायची आणि रात्रभर मुशी आतच थंड होऊ द्यायच्या.

त्या दिवशी साडेपाचला शिपाई मामा किल्ल्या वाजवत आले. "मॅडम नाहीत, भट्टी चालू, मी कुलूप कसं लावू?" मी खरंच नव्हते, परीक्षेच्या कामाला गेले होते. पोरगा घाबरला. पुढची मूस चिमट्यानं लालभडक तशीच उचलून विटेवर ठेवली, मागची हाताला येईना म्हणून आतच राहिली, भट्टी बंद केली, कुलूप लागलं. दुसऱ्या दिवशी एक मूस मिनिटांत थंड झालेली, दुसरी रात्रभरात. बाकी सगळं एकच.

दोन्हींचा क्ष-किरण विवर्तनाचा, म्हणजे अणूंची मांडणी सांगणारा, आलेख काढला तर एकावर एक ठेवला तरी फरक दिसेना. पण चुंबकत्व मोजलं तर "गरम"वाली पुडी चांगलीच वरचढ. लेख लिहिला, दोनदा परत आला. दोन्ही वेळा परीक्षकाचा प्रश्न एकच: कोबाल्ट नेमका कुठं बसलाय, याचा पुरावा काय? तो पुरावा इंदूरच्या सिंक्रोट्रॉनवर, म्हणजे इलेक्ट्रॉन कड्यात फिरवून त्यांचे क्ष-किरण वापरणाऱ्या यंत्रावर, मिळण्यासारखा होता, म्हणून ही वारी.

सोनगीर मागे पडलं तेव्हा हे सगळं मी शेजारच्या सीटवरच्या काकूंना सांगत होते, कारण त्यांनी विचारलं होतं. सोपं करून सांगायला गाडीच कामाला आली. फेराइटमध्ये ऑक्सिजनच्या अणूंची मांडणी ठरलेली, आणि त्यांच्या मधल्या फटींत धातूंना बसायला दोन प्रकारच्या जागा. काही जागांभोवती चार ऑक्सिजन, त्यांना ए म्हणतात. काहींभोवती सहा, त्यांना बी. एका चौकोनी घरात ३२ ऑक्सिजन, भरलेल्या ए जागा ८ आणि बी जागा १६. ए वाल्यांचं चुंबकत्व एका दिशेला, बी वाल्यांचं उलट्या दिशेला, आणि वजाबाकी करून उरेल ते आपल्याला बाहेर मिळतं. कोबाल्टचं चुंबकत्व लोखंडापेक्षा कमी. तो बी मधून उठून ए मध्ये गेला आणि त्याच्या जागी लोखंड आलं, की ए ची बाजू हलकी होते, बी ची जड होते, वजाबाकी वाढते.

"म्हणजे कंडक्टरला माणसं किती ते माहीत, पण खिडकीशी कोण बसलंय ते माहीत नाही," काकू म्हणाल्या. चाळीस मिनिटांचं माझं लेक्चर त्यांनी एका वाक्यात आटपलं.

आमच्याकडच्या यंत्राला ते का दिसत नाही, तर क्ष-किरण इलेक्ट्रॉनांवरून विखुरतात. लोखंडात २६ इलेक्ट्रॉन, कोबाल्टमध्ये २७. जुळे भाऊ लांबून बघितल्यासारखं. त्यात आमच्या यंत्राची नळी तांब्याची, तिच्या किरणांनी लोखंड स्वतःच चमकायला लागतं आणि आलेखाखाली धुकं साठतं.

सावळद्याला तापीचा पूल ओलांडला, शिरपूरला चहा झाला. विद्यार्थी तिथलाच, तालुक्यातल्या गावचा. आई स्टँडवर डबा घेऊन उभी होती: कळण्याच्या पुऱ्या आणि भरीत. पुढं पळासनेर, मग बिजासनचा घाट, देवीला ड्रायव्हरनं हॉर्न दिला आणि मध्य प्रदेश लागला. खलघाटला नर्मदेवर गाडी आली तसा मागून "नर्मदे हर" असा आवाज आला आणि दोन-तीन नाणी खिडकीतून गेली. इंदूरच्या अलीकडचं राऊ यायला चार वाजून गेले होते.

सोमवार, फाटकाच्या आत

राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र असं लांब नाव कोणी घेत नाही. रिक्षावाल्याला "कॅट" म्हटलं की कळतं. १९८४ साली सेंटर फॉर अ‍ॅडव्हान्स्ड टेक्नॉलॉजी म्हणून सुरू झालं त्या नावाची ती आद्याक्षरं, आणि २००५ मध्ये नाव बदललं तरी इंदूरकरांनी ते सोडलं नाही. शहराच्या कडेला साडेसातशे हेक्टरच्या वर आवार. या बाजूला होळकरांचा सुखनिवास महाल. सकाळी गेस्टहाउसच्या बाहेर मोर ओरडत होते, थंडी चांगली होती.

पहिले दोन तास माझ्याच गाढवपणात गेले. अणुऊर्जा विभागाची संस्था, त्यामुळे आत नेणाऱ्या प्रत्येक वस्तूचा कागद आधी पाठवावा लागतो. मी लॅपटॉपचा क्रमांक लिहून पाठवला होता तो जुन्या लॅपटॉपचा. आणला नवा. फाटकावरचा जवान शांतपणे एकदा कागद बघायचा, एकदा लॅपटॉपची पाठ बघायचा, आणि माझ्याकडे बघायचा. शेवटी लॅपटॉप आणि मोबाइल दोन्ही बाहेर ठेवले, मोजमाप पेनड्राइव्हऐवजी त्यांच्याच संगणकावर साठवून नंतर मागवायचं ठरलं. विद्यार्थ्याला मोबाइलशिवाय चार तास राहायची सवय नाही. आईला आधी फोन करून घेतला. पलीकडून पहिला प्रश्न, "जेवना का रे?"

मग सुरक्षेचं प्रशिक्षण, छातीला लावायचा किरणोत्सर्ग मोजणारा बिल्ला, सह्या. आणि मग हॉल.

मी फोटो पाहिले होते, तरी आत शिरल्यावर दोन मिनिटं काही बोलवलं नाही. गोल गोदाम म्हणावं तर खूप स्वच्छ, कारखाना म्हणावं तर धूर नाही. मधे काँक्रीटची जाड भिंत वर्तुळात फिरते, तिच्या आत त्या सिंक्रोट्रॉनचं, इंडस-२ चं, कडं. भिंतीतून ठिकठिकाणी नळ्या बाहेर येतात, सायकलच्या चाकातून आऱ्या काढाव्यात पण सरळ न काढता तिरप्या, कडेला चाटून जाणाऱ्या. प्रत्येक नळीच्या शेवटी शिसं लावलेली एक खोली. त्या खोलीला सगळे हच म्हणतात. आणि सतत एक घरघर: पंप, थंड पाणी, वातानुकूलन. नंतर दोन दिवस गेस्टहाउसवर झोपताना शांतता टोचत होती.

आत काय चालतं ते आमच्या नळीच्या, म्हणजे बीमलाइनच्या, सरांनी नियंत्रण कक्षाच्या काचेपाशी उभं करून सांगितलं. इलेक्ट्रॉन एका छोट्या यंत्रात, मायक्रोट्रॉनमध्ये, जन्मतात आणि तिथं २ कोटी इलेक्ट्रॉन व्होल्टपर्यंत (हे ऊर्जेचं माप) पळायला लागतात. तिथून बूस्टर नावाच्या मधल्या कड्यात, ५५ कोटींपर्यंत. मग त्यांची तुकडी तुकडी इंडस-२ मध्ये सोडतात, आणि पुरेसे साठले की सगळ्यांना एकत्र २५० कोटींपर्यंत चढवतात. कड्याचा घेर १७२.५ मीटर, आणि इलेक्ट्रॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगानं फिरत असल्यामुळे एका सेकंदात १७ लाखांवर फेऱ्या होतात. भिंतीवरच्या पडद्यावर कड्यातल्या विद्युतप्रवाहाचा आकडा होता १०० मिलिअँपिअरच्या आसपास. मी कागदावर हिशेब केला: कड्यात त्या क्षणी साधारण ३६ हजार कोटी इलेक्ट्रॉन. ऐकायला डोंगर, वजनाला धूळही नाही.

खरी गंमत वळणावर आहे. इलेक्ट्रॉनाला सरळ जायचं असतं. १६ मोठी चुंबकं त्याला वळवत राहतात, आणि प्रत्येक वळणावर तो प्रकाश सांडतो. अगदी पुढच्या दिशेला, अरुंद झोतात. वीस मीटरवर गेला तरी झोताची उंची जेमतेम चार मिलिमीटर पसरते. एका फेरीत एक इलेक्ट्रॉन सहा लाखांहून जास्त इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा अशी उधळतो, आणि ती भरून काढायला रेडिओलहरींची यंत्रणा त्याला दर फेरीत ढकलते. म्हणजे दर फेरीला भरायची ती ऊर्जा सांडलेल्या प्रकाशाचीच.

पहिल्यांदा हा प्रकाश माणसाच्या डोळ्याला दिसला तो २४ एप्रिल १९४७ रोजी, अमेरिकेत स्केनेक्टडीला, जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत. ७ कोटी इलेक्ट्रॉन व्होल्टचं लहानसं सिंक्रोट्रॉन, त्याची नळी काचेची आणि पारदर्शक होती म्हणून एका तंत्रज्ञाला आत झगझगीत ठिपका दिसला. आधी वाटलं ठिणगी उडतेय, काहीतरी बिघडलंय. नंतरही कित्येक वर्षं कणभौतिकीवाले या प्रकाशाला शिव्याच घालत होते, कारण वाढवलेली ऊर्जा त्यातून निघून जायची. दुसऱ्यांच्या गळतीवर आपली शेती, असं या क्षेत्राचं मूळ आहे. त्या शेतीला पीक काय आलं, तर वेंकटरामन रामकृष्णन यांना २००९ चं नोबेल ज्या रायबोसोमच्या रचनेसाठी मिळालं, ती असल्याच झोतात बघितलेली.

भारतातलं पहिलं कडं इथलंच, इंडस-१. घेर १९ मीटर, १९९९ साली सुरू झालं. ते शेजारच्या इमारतीत आहे. त्याचा प्रकाश अतिनील आणि मऊ क्ष-किरणांचा. आमच्या लोखंडाला आतून हलवायला तो पुरत नाही, म्हणून इंडस-२.

संध्याकाळी कँटीनमध्ये कळलं की चहाच्या टेबलावर अर्धा देश आहे. एकजण हिऱ्याच्या दोन टोकांत भुकटी दाबून पृथ्वीच्या पोटातला दाब तयार करणार होता. एक मुलगी भाताचे दाणे घेऊन आली होती, दाण्याच्या कुठल्या थरात जस्त आहे ते बघायला. कोल्हापूरकडची एक जोडगोळी फेराइटच घेऊन आलेली. आमच्याकडे फेराइट म्हणजे ऊस झालाय, प्रत्येक विद्यापीठात लागण आहे.

मंगळवार, पहिली पाळी

आमची वेळ सकाळी नऊपासून. बीमलाइन ९, स्कॅनिंग एक्साफ्स, म्हणजे ऊर्जा बदलत नेत नमुना किती क्ष-किरण शोषतो ते मोजायची जागा. हचमध्ये शिरल्यावर पहिल्यांदा निराशा होते, कारण पुढं दिसतं ते एक टेबल, त्यावर तीन लांबट पेट्या, आणि मधे नमुना अडकवायची एक पट्टी. पेट्यांत वायू भरलेला असतो. क्ष-किरण जातात तेव्हा वायूच्या थोड्या अणूंतून इलेक्ट्रॉन सुटतात आणि तेवढा विद्युतप्रवाह वाहतो. पहिली पेटी नमुन्याच्या आधी किती किरण आले ते सांगते, दुसरी नमुन्यानंतर किती उरले ते. तिसरीच्या आधी शुद्ध धातूची पत्री लावतात, मापाची काठी म्हणून. पत्र्यांची एक डबी होती: लोखंड, कोबाल्ट, निकेल, तांबं, जस्त. तांब्याची पत्री बघून मला सोनगीरच्या तांबट आळीतला ठणठणाट आठवला. तिथं हंड्याला जे तांबं लागतं तेच, फक्त इथं कांद्याच्या पापुद्र्याएवढं.

मापण्याची कल्पना साधी आहे. किरणांची ऊर्जा हळूहळू वाढवत न्यायची. लोखंड ७११२ इलेक्ट्रॉन व्होल्टपर्यंत बऱ्यापैकी पारदर्शक असतं, तिथं पोचलं की त्याच्या सगळ्यात आतल्या कक्षेतला इलेक्ट्रॉन सुटतो आणि शोषण एकदम डोंगराच्या कड्यासारखं वर चढतं. कोबाल्टचा कडा ७७०९ वर. प्रत्येक मूलद्रव्याचा स्वतःचा, दुसऱ्याशी गल्लत नाही. लांबून सारखे दिसणारे ते जुळे इथं नावानं ओ देतात.

ऊर्जा निवडायचं काम सिलिकॉनचे दोन स्फटिक करतात. लोखंडाच्या कड्यापाशी त्यांचा कोन १६.१ अंश, कोबाल्टच्या कड्यापाशी १४.९. एका कड्यापासून दुसऱ्यापर्यंतचा सगळा प्रवास त्या सव्वा अंशात. गाडीनं घाट चढताना स्टिअरिंग यापेक्षा जास्त फिरतं.

हच बंद करण्याचा विधी आहे. आत कोणी राहिलं नाही हे फिरून बघायचं, आतली बटणं दाबायची, भोंगा वाजतो, दार लागतं, मगच शटर उघडतं. विद्यार्थ्यानं पहिल्यांदा बटण दाबलं तेव्हा भोंग्याला दचकून तो माझ्या आधी बाहेर.

आता आमची फजिती. सरांनी आम्ही भुकटी दाबून आणलेली पहिली वडी लावली, स्कॅन सुरू केला, आणि दुसऱ्या पेटीचा आकडा जवळपास शून्य. परत बघितलं, झोत जागेवर होता. त्यांनी वडी काढून उजेडाकडे धरली.

"इसमें कितना डाला है?"

"सौ मिलिग्रॅम," पोरगा म्हणाला.

सर हसले नाहीत, त्यामुळे जास्त लाज वाटली. हिशेब मीच दिला होता. १५ मिलिमीटरच्या वडीत लोखंड साधारण ५ मिलिग्रॅम हवं, म्हणजे फेराइट दहा-अकरा मिलिग्रॅम. मी वहीत १०.५ लिहिलं होतं, त्यातला ठिपका माझ्या अक्षरात हरवला आणि १०५ झालं. धुळ्याहून चार वड्या कापसात गुंडाळून, भांड्यातल्या अंड्यासारख्या जपून आणल्या होत्या, त्या चारही बाद. म्हणून मूळ पुड्या बरोबर आणल्या होत्या याबद्दल स्वतःची पाठ थोपटली. खरं तर त्या आणायचा आग्रह विद्यार्थ्याचा.

नमुने करायच्या खोलीत गेलो. अगेटचा खल, मेणकागद, तराजू. तराजूच्या काचा लावून घेतल्या तरी आकडा शेवटच्या घरात नाचत होता, श्वास धरून बघावं लागत होतं. १०.६. पुरे. त्यात सेल्युलोजची पांढरी भुकटी दीडशे मिलिग्रॅम, आणि खलणं. खलणं म्हणजे काय ते खलणाऱ्यालाच कळतं. दहा मिनिटं पांढऱ्यात काळे ठिपके दिसत राहतात. पंधरा मिनिटांनी राखाडी होतं, पण बोटानं चोळलं की एखादी काळी रेघ उमटते, म्हणजे अजून नाही. एखादी गुठळी राहिली तर झोत तिथं अडतो आणि शेजारच्या फटीतून पळतो, शोषण खोटं दिसतं. पंचवीस मिनिटांनी वाण्याकडच्या राखुंडीसारखा एकच रंग आला. साच्यात भरलं, प्रेसचा दांडा खाली ओढला, दोन मिनिटं धरला, सोडला. वडी निघाली ती कापराच्या वडीएवढी गुळगुळीत, फक्त राखाडी. दुसरी काढताना काठाला चीर गेली, ती टाकली. चार वड्या व्हायला दुपार झाली. पाच तास गेले. बीमटाइम, म्हणजे झोत वापरायचा वेळ, आमच्यासारख्यांना फुकट मिळतो, अर्ज करून, रांगेत महिने काढून. म्हणून प्रत्येक तास मनात पैशापेक्षा जड वाटतो.

तीनच्या सुमाराला लोखंडाचा पहिला स्कॅन लागला. एका स्कॅनला पाऊण तास. पडद्यावर एकेक ठिपका पडतो. आधी सपाट, मग छोटासा उंचवटा, मग कडा, मग कड्याच्या माथ्यावर हेलकावे.

हेलकाव्यांत शेजार दडलेला असतो. सुटलेला इलेक्ट्रॉन लाटेसारखा बाहेर जातो, शेजारच्या अणूंवर आपटून परततो, आणि जाणाऱ्या-येणाऱ्या लाटा एकमेकींत मिसळतात. विहिरीत खडा टाकला की काठाला लागून तरंग परत येतात ना, तसं. काठ किती लांब ते तरंगांवरून काढायचं. हे हेलकावे १९२० च्या दशकापासून लोकांना दिसत होते, पण त्यांतून अंतर कसं काढायचं ते सेयर्स, स्टर्न आणि लिटल यांनी १९७१ मध्ये गणितानं दाखवलं. आपल्याकडे नागपूर विद्यापीठात चिंतामणी मांडे यांनी क्ष-किरण वर्णपटाचं काम रुजवलं ते सिंक्रोट्रॉन नसताना. क्ष-किरणांची साधी नळी, फोटोची फिल्म, आणि एका वर्णपटाला तासन्‌तास. पाऊण तासाला कंटाळलेल्या विद्यार्थ्याला मी हे सांगितलं. त्यानं मान डोलावली आणि जांभई दिली.

लोखंडाच्या हेलकाव्यांना आमच्या नमुन्यात एक अडचण आहे. कड्यापासून ५९७ इलेक्ट्रॉन व्होल्ट पुढं गेलं की कोबाल्टचा कडा मधेच उभा राहतो, आणि लोखंडाचं बोलणं तिथं तुटतं. त्या आधी जेवढं ऐकू येईल तेवढं ऐकायचं. पुरतं ते.

मधे झोत बंद झाला, ठरलेल्या वेळी. इलेक्ट्रॉन हळूहळू कमी होत जातात, म्हणून पुन्हा भरायचे असतात. तेवढ्यात जेवून आलो.

बुधवार, रात्रीचे दोन ते सकाळचे नऊ

तारीख बदलली तेव्हा आम्ही कोबाल्टच्या कड्यावर होतो. सर घरी गेले होते, काही लागलं तर फोन करा म्हणून. हॉलमध्ये आमच्याशिवाय दूरवर एकाच बीमलाइनवर दिवा.

आम्हाला बघायचा होता तो कडा नव्हे, कड्याच्या पायथ्याचा तो छोटा उंचवटा. त्यात सगळं आहे. अणूभोवती सहा ऑक्सिजन समोरासमोर बसले असतील तर आतल्या इलेक्ट्रॉनाला तिथं उडी मारायला नियमानं जवळजवळ मनाई असते आणि उंचवटा नावापुरता उमटतो. चार ऑक्सिजन असतील तर समोरासमोरपणा मोडतो, नियमाला फट पडते, उंचवटा ठसठशीत होतो. म्हणजे कोबाल्ट बी मध्ये असेल तर खडा, ए मध्ये असेल तर टेकाड.

आधी "सावकाश" लावला. पायथ्याशी बारीकसा खडा, शोधला तर दिसेल एवढा. दोन स्कॅन घेतले, एकावर एक बसले. पावणेचारला "गरम" लावला. विद्यार्थी खुर्चीत बसून झोपला होता. माझा डोळा ठिपक्यांवर. ७७०० पर्यंत सपाट. ७७०५. आणि मग ठिपके पहिल्या आलेखाच्या जरा वरून जायला लागले. मला वाटलं सरकलंय काहीतरी. तिसऱ्या पेटीच्या आधीची कोबाल्टची पत्री बघितली, मापाची काठी हलली नव्हती. उंचवटा वर चढला, गोल झाला, उतरला, मग कडा.

मी त्याला उठवलं नाही. दुसरा स्कॅन लावला. तोही तसाच आला तेव्हा उठवलं.

त्यानं पडद्याकडे बघितलं, दोन आलेख एकावर एक आणले, पायथा मोठा करून बघितला आणि म्हणाला, "मॅडम, म्हणजे मी मूस ओढली म्हणून?"

म्हणूनच. ९०० अंशांना कोबाल्ट आणि लोखंड जागा बदलत असतात, काही कोबाल्ट ए मध्ये बसलेले असतात. सावकाश थंड केलं तर त्यांना उठून आपल्या आवडत्या बी जागी जायला वेळ मिळतो. विटेवर ठेवलं की वेळच मिळत नाही, जो जिथं आहे तो तिथंच. नक्की किती टक्के ते घरी जाऊन, प्रमाणित नमुन्यांशी ताडून, हेलकाव्यांचं गणित बसवून काढावं लागेल. त्यात महिना जाईल आणि आकडा कदाचित आमच्या लेखातल्या अंदाजापेक्षा कमी येईल. मी लेखात जरा छाती फुगवून लिहिलं होतं, ते खोडावं लागणार.

सकाळी नऊला पुढचा गट दारात उभा होता. आम्ही आपला खल धुऊन ठेवला.

त्याच दिवशी, झोप काढून

राजेंद्रनगरला माझी मावशी राहते. साठ वर्षं इंदुरात, बोलणं मराठी आणि मधेमधे हिंदीच्या गाठी. "अगं, रात्रभर जागलात आणि नाश्ता नाही केला?" पोहे, वर शेव, वर जिरावन मसाला, बाजूला जिलेबी. पोह्यांबरोबर जिलेबी मला अजून पटत नाही, पण दोनदा घेतली. मावशीला वाटत होतं की क्ष-किरण म्हणजे हाड. "कुणाचं काय मोडलंय?" मी सांगितलं, काही मोडलेलं नाही, कोबाल्ट कुठं बसलाय ते बघायचं होतं. "मिळाला का?" मिळाला. "मग बरं झालं," म्हणाली आणि आणखी पोहे वाढले.

रात्री सराफा. दिवसा सोन्याची दुकानं, शटर पडल्यावर त्यांच्याच पायऱ्यांवर खाण्याचा बाजार. विद्यार्थ्यानं भुट्ट्याचा कीस खाल्ला, गराडू खाल्ला, आणि राजवाड्यासमोर उभं राहून आईला फोन केला. सात मजले मोजून सांगत होता.

गुरुवार, परत

गाडी या वेळी वेळेवर निघाली. दोन्ही पुड्या डबीत, थोड्या हलक्या झालेल्या. खलघाटला नर्मदा धुक्यात होती, नाणं टाकायचं राहिलं. पळासनेरला महाराष्ट्र लागल्यावर मोबाइलला मराठी मेसेज यायला लागले, कॉलेजच्या ग्रुपवर परीक्षेच्या तारखा बदलल्या होत्या.

शिरपूरला पोरगा उतरला. मी सोनगीरपर्यंत झोपले. धुळ्यात उतरून रिक्षानं घरी जाताना वाटेत कॉलेज लागलं, संध्याकाळचे सव्वापाच झाले होते म्हणून डबी कपाटात ठेवायला आत गेले. मामा किल्ल्या घेऊन उभेच होते. त्यांना सांगितलं की मामा, तुम्ही त्या दिवशी घाई केलीत ना, त्यावरून आता लेख होतोय.

मामांनी जरा विचार केला.

"मग आता रोज साडेपाचला गरमच काढायची का?"